स्वप्नांत दिलेलें दान

हरिश्चंद्रानें स्वप्नांत राज्य दान केलें ही कथा आम्हीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं कीर्तनांत ऐकली. पुराणांत, नाटकांत आणि लोककथेंत तिचे पाठ निरनिराळे आहेत. कोठें विश्वामित्र जागेपणीं दान मागतो, कोठें झोपेंत. पण महाराष्ट्राच्या मनांत जी मुरली ती हरिदासांच्या तोंडची कथा. तींत राजा झोपेंत सारें राज्य देऊन टाकतो, सकाळीं ऋषि दारांत येऊन उभा राहतो, आणि ‘महाराज, तें स्वप्न होतें’ हा कोणालाही सुचेल असा बचाव न करतां राजा सिंहासनावरून खालीं उतरतो. बुवा येथें फार वेळ थांबत नाहींत. त्यांना पुढें काशीच्या बाजारांत आणि स्मशानांत जावयाचें असतें. श्रोत्यांतील एखाद्या चिकित्सक मुलाला मात्र कथेंतील सर्वांत नवलाची जागा हीच वाटते. स्वप्नांत दिलेला शब्द पाळावा लागतो काय? आणि लागत असेल, तर स्वप्नांत केलेल्या खुनाचें, चोरीचें, आणि ज्यांचा उच्चारही आपण घरांत करणार नाहीं अशा इतर गोष्टींचें काय?

हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देतां येत नाहीं. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नाची उपपत्ति सांगतो. स्वप्नांत रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात; झोपलेला पुरुष ते सर्व स्वतः निर्माण करतो, कारण कर्ता तोच आहे, असें तो म्हणतो. येथपर्यंत ऐकलें म्हणजे हरिश्चंद्राची बाजू भक्कम वाटते: कर्ता तो, तर देणेंही त्याचें. पण त्याच प्रकरणांत याज्ञवल्क्य असेंही सांगतो कीं, स्वप्नांत पुरुष जें पाहतो तें त्याच्यामागें येत नाहीं, कारण पुरुष असंग आहे. म्हणजे आरोपीच्या वकिलालाही शेजारींच आधार सांपडतो! निर्मिति आपली, आणि तरीही तिचें ओझें आपल्यावर नाहीं, अशी ही दुहेरी सोय आहे. तत्त्वज्ञाला ती पचते. व्यवहारांत मात्र माणसाला कोणत्या तरी एका बाजूस उभें राहावें लागतें.

विसाव्या शतकांत एका मोठ्या कलापंथानें आपली बाजू उघडपणें निवडली. १९२४ सालीं पॅरिस येथें आंद्रे ब्रतों नांवाच्या अठ्ठावीस वर्षांच्या कवीनें एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांतून जी चळवळ उभी राहिली तिला मराठींत अतिवास्तववाद म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. ‘अति’ म्हटलें कीं आपणांस अतिरेक आठवतो. मूळ कल्पना निराळी आहे: स्वप्न आणि जागृति हे दोन शत्रु नसून त्यांचा जेथें मेळ बसेल तेंच खरें, वरच्या पायरीचें वास्तव. तेथें जावयाचें तर बुद्धीचा, नीतीचा आणि अभिरुचीचा पहारा उठवून मन जें आपण होऊन सांगेल तें लिहून घ्यावें किंवा रेखाटावें, अशी ही साधना होती. ती चमत्कारिक वाटते. पण ब्रतों हा वैद्यकाचा विद्यार्थी होता, आणि पहिल्या महायुद्धांत मन बिघडलेल्या सैनिकांच्या इस्पितळांत त्यानें काम केलें होतें, हें विसरूं नये. शिस्त, हिशेब, शास्त्र, तर्क ह्या बुद्धीच्या सर्व सद्गुणांच्या साहाय्यानें युरोपानें चार वर्षें आपलीं मुलें खंदकांत मारलीं. ज्या पिढीनें हें पाहिलें तिनें बुद्धीच्या पहाऱ्यावरचा विश्वास गमावला असेल तर तिला हसण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी वाटत नाहीं. फ्रॉइडचा स्वप्नांवरील ग्रंथ १८९९ च्या अखेरीस निघाला होता. त्यानें ह्या तरुणांच्या हातीं वाट दाखविणारा कंदील दिला.

मग चित्रें आलीं. माक्स एर्न्स्ट यानें लांकडी फरशीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांत अरण्यें व पशु शोधले. साल्व्हादोर डाली यानें १९३१ मध्यें मऊ पडलेलीं, लोंबणारीं घड्याळें काढलीं. जगभर छापलें गेलेलें हें चित्र प्रत्यक्षांत वहीच्या पानाहून फारसें मोठें नाहीं. बेल्जियमच्या मागरीत यानें चिलमीचें हुबेहूब चित्र काढून ही चिलीम नव्हे असें खालीं लिहिलें. आणि अर्थात् तें खरेंच होतें, तें चित्र होतें.

‘ह्यांत नवें तें काय? आमच्या मुक्ताबाईनें मुंगीकडून सूर्य गिळविला!’ असें म्हणणारे गृहस्थ अशा वेळीं भेटतातच. हा अभिमान आम्हांस फारसा उपयोगाचा वाटत नाहीं. संतांच्या कूट अभंगाला कुलूप असतें तशी किल्लीही असते, आणि ती गुरूच्या कमरेला असते. मुंगी कोण, सूर्य कोण, हें सांगणारा संप्रदाय मागें उभा आहे. पॅरिसच्या मंडळींनीं कुलूप केलें आणि किल्ली मुद्दामच केली नाहीं. दोन्ही दारें बंद दिसतात म्हणून तीं एकाच घरचीं ठरत नाहींत.

आम्ही कोल्हापुरास मंगळवार पेठेंत राहतों. ह्या गांवांत चित्राविषयीं ज्याला मत नाहीं असा मनुष्य सांपडणें कठीण, आणि तें मत बहुधा एकच असतें: चित्र हुबेहूब पाहिजे. त्यास इतिहास आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून आले, शाहू छत्रपतींच्या पदरीं राहिले, आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा यांचें पाणी व प्रकाश रंगवीत १९३१ मध्यें वारले. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढें बाबूरावांनीं येथेंच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’त भीमानें केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला कीं प्रेक्षागृहांत घबराट उडे, आणि तें दृश्य शेवटीं कापावें लागलें. ‘हुबेहूब’ ह्या शब्दाचा याहून मोठा विजय कोणता?

आतां ह्याच्या शेजारीं दुसरें एक दृश्य ठेवून पाहावें. १९२९ मध्यें बुन्युएल आणि डाली यांनीं मिळून एक लहानसा मूकपट केला. त्याच्या आरंभींच एका स्त्रीचा डोळा वस्तऱ्यानें कापलेला दिसतो. (डोळा मेलेल्या वासराचा होता.) ज्या कल्पनेचा तर्कानें खुलासा करतां येईल अशी एकही कल्पना पटांत येऊं द्यावयाची नाहीं, असा त्या दोघांचा नियम होता. कीचकाचें मस्तक उडालें तेव्हां तें कां उडालें हें आपल्याकडील शेंबड्या पोरालाही ठाऊक होतें. द्रौपदीचा अपमान आधीं झालेला होता. भीतीला कारण होतें आणि म्हणून तिला शेवटही होता. दिवे लागले कीं ती संपली. पॅरिसचा डोळा कां कापला हें कोणालाच ठाऊक नाहीं, आणि म्हणून ती भीति प्रेक्षकाबरोबर घरीं येते. कारण पुरविण्याचें काम त्याच्यावर पडतें, आणि तें तो आपल्याच मनाच्या तळघरांतून पुरवितो. अतिवास्तववादानें कल्पनाशक्तीवर काय परिणाम केला असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही हेंच उत्तर देऊं. त्यानें प्रेक्षकाच्या कल्पनेला बसल्या जागेवरून उठविलें. पूर्वीं चित्रकार स्वप्न पाही आणि आपण तें ऐकत असूं. आतां आपणांसही तें पाहावें लागतें.

पण हुबेहूबपणाचा पक्ष येथें हरला असें मात्र नव्हे. डालीचें रेखाटन जुन्या उस्तादांसारखें घोटलेलें होतें. घड्याळ आधीं अचूक घड्याळ दिसतें म्हणूनच त्याचें लोंबणें अंगावर कांटा आणतें. १९३८ च्या जुलैंत लंडन येथें डाली वृद्ध फ्रॉइडला भेटला. तोंपर्यंत ह्या पंथाला वेड्यांत काढणाऱ्या फ्रॉइडनें भेटीनंतर एका पत्रांत लिहिलें कीं, ह्या तरुण स्पॅनिश माणसामुळें मला माझें मत पुन्हां तपासावें लागेल. त्याच भेटींत तो असेंही म्हणाला असें सांगतात कीं, जुन्या आचार्यांच्या चित्रांत मी अबोध मन शोधतों, तुमच्या चित्रांत मात्र बोध मन शोधतों. ही थट्टा असेल, पण ती वर्मीं लागणारी आहे. स्वप्न काढावयाचें असें ठरवून काढलेल्या चित्रांत ठरविणारा दिसतो. आणि आबालालांनीं निमूटपणें कोटितीर्थाचें पाणी काढलें तेव्हां त्या पाण्यांत काय उतरलें तें त्यांनाही सांगतां आलें नसतें. शाहू महाराज १९२२ मध्यें वारल्यावर त्यांनीं आपलीं चित्रें त्याच तळ्यांत लोटून दिलीं अशी कथा येथें सांगतात. अतिवास्तववाद्यांनीं ती ऐकली असती तर त्यांना तळ्याच्या तळाशीं पडलेलें तें प्रदर्शनच सर्वांत आवडलें असतें.

मराठींत हें वारें उशिरां आणि तिरकें आलें. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘कांहीं कविता’ निघाल्या तेव्हां उंदरांच्या मरणावरील कवितेनें जो गोंधळ उडविला तो आमच्या वडिलांच्या पिढीला चांगला स्मरत असे. अश्लीलतेच्या खटल्यांतून कवि निर्दोष सुटला, पण त्या कवितेचा अर्थ काय हा खटला अजून चालूं आहे. चित्रकारांत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनीं घड्याळ, किल्ली, पान, टांचणी अशा घरांतल्याच वस्तु उचलून त्या मोकळ्या अवकाशांत अशा ठेवल्या कीं त्या प्रथमच दिसल्या. त्यांचें ‘कोरा कॅनव्हास’ हें पुस्तक चित्रकलेंत रस नसलेल्या गृहिणीनेंही वाचावें. स्वयंपाकघरांतील उलथनें नंतर निराळें दिसेल. आणि कवींत अरुण कोलटकर. ते कोल्हापुरांत जन्मले, येथील राजाराम हायस्कुलांत शिकले, पुढें जे. जे. कलाशाळेंत गेले. १९७७ मध्यें पुस्तकरूपानें आलेल्या त्यांच्या आरंभींच्या मराठी कविता टीकाकारांनीं अतिवास्तववादाशीं जोडल्या आहेत, आणि तें बरोबर आहे: तींत वस्तु एकमेकींच्या अंगांत शिरतात आणि आपण कोणत्या बाजूनें जागे आहोंत हें कळत नाहीं.

येथपर्यंत सर्व लाभच लाभ दिसतो. आतां हरिश्चंद्राच्या प्रश्नाकडे वळावयास हवें.

१९२९ च्या अखेरीस ब्रतोंनें दुसरा जाहीरनामा काढला. सर्वांत साधी अतिवास्तववादी कृति म्हणजे हातांत पिस्तुल घेऊन रस्त्यावर यावें आणि गर्दींत दिसेल तिकडे गोळ्या झाडाव्या, अशा अर्थाचें वाक्य त्यांत आहे. त्याच्या भक्तांनीं पुढें त्याचे पुष्कळ मवाळ अर्थ लाविले, आणि ब्रतोंनें कोणाला मारलें नाहीं हेंही खरें. तरीही १९५१ मध्यें कामूनें त्याला ह्या वाक्याबद्दल जाब विचारला, तो योग्यच होता. बुद्धीचा पहारा उठविला म्हणजे आंतून फक्त फुलपांखरेंच बाहेर येतील अशी हमी कोणी दिली होती? स्वप्नांतील खून स्वप्नांतच राहतो हें ज्या असंगपणामुळें म्हणतां येतें, तो असंगपणाच ह्या पंथाला नको होता. त्याला तर स्वप्न रस्त्यावर आणावयाचें होतें. मग रस्त्यावरचे नियम स्वप्नाला लागूं होतात, हें आम्हांस अपरिहार्य दिसतें.

पिस्तुलापेक्षां अधिक बोलकी गोष्ट एका स्त्रीची आहे. १९२६ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या रस्त्यावर ब्रतोंला लेओना देलकूर नांवाची एक निर्धन तरुणी भेटली. ती विलक्षण बोले, चमत्कारिक चित्रें काढी; तिनें स्वतःचें नांव नादजा ठेवलें होतें. ब्रतोंला तिच्या रूपानें आपलें तत्त्वज्ञानच चालत येतांना दिसलें. कांहीं दिवस तो तिच्याबरोबर हिंडला, आणि मग त्याचें मन तिच्यावरून उडालें. १९२७ च्या मार्चांत तिला वेड्यांच्या इस्पितळांत नेण्यांत आलें. १९२८ मध्यें त्याचें ‘नादजा’ हें पुस्तक निघालें. तें फ्रेंच वाङ्मयाचें भूषण समजलें जातें, आणि आम्हांसही तें मोठें वाटतें. वेड्यांच्या इस्पितळांविरुद्ध त्या पुस्तकांत मोठी आवेशाची टीका आहे. पण ब्रतों तिला भेटावयास कधीं गेला नाहीं. ती १९४१ मध्यें इस्पितळांतच वारली.

स्वप्न ब्रतोंचें होतें. किंमत लेओनानें दिली.

सर्वच तसे नव्हते, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. रोबेर देस्नोस हा त्या मंडळींतला सर्वांत पटाईत झोपणारा. १९२२ च्या संमोहनाच्या बैठकींत तो इतक्या सहजतेनें तंद्रींत जाई आणि बोलूं लागे कीं इतरांना हेवा वाटे. पुढें ब्रतोंनें त्याला पंथाबाहेर काढलें. जर्मनांनीं फ्रान्स व्यापल्यावर हाच स्वप्नाळू कवि गुप्त प्रतिकारांत सामील झाला, १९४४ च्या फेब्रुवारींत पकडला गेला, आणि छावण्यांमागून छावण्या पाहून १९४५ च्या जूनमध्यें, सुटका झाल्यानंतर, टेरेझिन येथें विषमज्वरानें वारला. उलट, डालीनें फ्रँकोच्या राज्याशीं जुळवून घेतलें आणि गोळ्यांच्या कागदावरचें बोधचिन्हही काढून दिलें. ऑर्वेलनें १९४४ मध्यें डालीवर लिहितांना म्हटलें होतें कीं, हा उत्तम रेखाटनकार आहे आणि किळसवाणा मनुष्य आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मनांत ठेवतां आल्या पाहिजेत. आपल्याकडे रसिक पहिली ठेवतात आणि नीतिमान लोक दुसरी. दोन्ही ठेवण्याची कसरत कोणीच करीत नाहीं.

आतां ही चर्चा आमच्या वाचकांच्या घरांत येऊन पोंचली आहे. २०२१ मध्यें अमेरिकेंतील एका कंपनीनें, चार शब्द सांगितले कीं चित्र काढून देणारें संगणकी यंत्र जाहीर केलें, आणि त्याचें नांव डालीच्या नांवावर कोटी करून ‘डाल-ई’ असें ठेवलें. अशीं यंत्रें आतां मुलांच्या खिशांत आहेत. आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं मध्यंतरीं आम्हांस मोबाइलवर एक चित्र दाखविलें. जळणारें नाट्यगृह, त्यावर तरंगणारा देवमासा, माशाच्या पोटांत झुंबर. आमच्या पेठेजवळील केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्यें आग लागली होती, त्यावरून त्याला हें सुचलें.

“हा मासा कोठून आणलास?” आम्हीं विचारलें.

“मी नाहीं, सर. मी फक्त ‘सर्रिअल’ एवढाच शब्द टाकला. मासा त्यानेंच घातला.”

मग बोलतां बोलतां निघालें कीं, त्या रात्रीं त्यानें गच्चीवरून ज्वाळा पाहिल्या होत्या, आणि नंतर त्याला एक स्वप्न पडलें होतें: नाट्यगृहांतल्या खुर्च्या रांगेनें बाहेर पडल्या आणि शेजारच्या खासबाग मैदानांत जाऊन कुस्ती पाहात बसल्या. पुढच्या रांगेंतली एक खुर्ची मोकळी होती. ती त्याच्या आजोबांची. आजोबा त्या नाट्यगृहाचे जुने प्रेक्षक. “मग हें कां नाहीं काढलेंस?” असें विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, “मला तसं काढतां येत नाहीं, सर. आणि तें कोणाला कळणार?”

आमचें सारें म्हणणें ह्या उत्तरांत आहे. देवमासा नेत्रदीपक होता, पण तो कोणाचाच नव्हता. त्याच्यासाठीं कोणी झोप मोडली नव्हती. लाखों चित्रकारांचीं चित्रें, बहुधा त्यांची अनुमति न घेतां, चाळून तो तयार झाला. म्हणजे येथेंही किंमत दुसऱ्यांनींच दिली, आणि स्वप्न मात्र कोणीच पाहिलें नाहीं. ब्रतोंला बुद्धीचा ताबा नसलेलें मन पाहिजे होतें. यंत्रांत ताबा नाहीं आणि मनही नाहीं. यंत्रें वाईट म्हणून तीं फेंकून द्यावींत असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, मोकळ्या खुर्चीची लाज वाटून मुलगा मासा दाखवूं लागला तर त्याच्या कल्पनेचें पोषण झालें नसून तिचें तोंड बंद झालें आहे. आईबापांनीं घरांत विचारावयाचा प्रश्न ‘चित्र किती अद्भुत?’ हा नसून ‘हें तुला खरेंच दिसलें कां?’ हा आहे.

हरिश्चंद्राला तें दिसलें होतें, आणि त्यानें तें नाकारलें नाहीं. म्हणून ब्रतोंपेक्षां तो आम्हांस मोठा स्वप्नद्रष्टा वाटतो. पण कथेला एक दुसरी कड आहे, आणि तिच्यावर बुवा पदें म्हणत असले तरी बोट ठेवीत नाहींत. राज्य देण्याचें स्वप्न राजाला पडलें. तारामतीला आणि रोहिदासाला तें पडलें नव्हतें; दक्षिणेसाठीं बाजारांत विकलीं गेलीं तीं मात्र तींच. १९३२ मध्यें प्रभात कंपनीनें कोल्हापुरांतच ‘अयोध्येचा राजा’ हा मराठींतील पहिला बोलपट काढला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई खोटे तारामती. प्रतिष्ठित घरांतील स्त्रीनें पडद्यावर यावें हें त्या काळीं स्वप्नांतही कोणी आणलें नसतें. तारामतीचें काम करणाऱ्या बाईंनाही लोकांचें बोलणें ऐकावेंच लागलें. पौराणिक तारामतीसाठीं शेवटीं देव धांवून येतात, मुलगा उठून बसतो, राज्य परत मिळतें. लेओना देलकूरसाठीं कोणी आलें नाहीं. तेव्हां स्वप्नाचें देणें द्यावें हें मान्य करूनही, तें कोणाच्या अंगावरचे दागिने विकून द्यावयाचें हा हिशेब उरतोच. आणि याज्ञवल्क्यापासून ब्रतोंपर्यंत कोणीही तो आमच्यासाठीं मांडून ठेवलेला नाहीं.

एका कवीनें तो निदान लिहावयास घेतला असें आम्हांस वाटतें. कोलटकरांची ‘भिजकी वही’ २००३ मध्यें निघाली. २००५ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. ही सगळी वही रडणाऱ्या स्त्रियांची आहे. तींत अलेक्झांड्रियाची हिपेशिया आहे, तामिळ देशाची कण्णगी आहे, पुराणांतल्या आहेत, वर्तमानपत्रांतल्या आहेत; पुरुषांच्या युद्धांची, धर्मांची आणि स्वप्नांची किंमत ज्यांनीं दिली अशा सर्व काळांतल्या. चमत्कारिक प्रतिमा रचण्याचें जें स्वातंत्र्य ह्या कवीनें तरुणपणीं घेतलें होतें तें त्यानें येथें टाकून दिलेलें नाहीं. तें घेऊनच तो एकेकीच्या शेजारीं जाऊन बसतो आणि तिचें ऐकून घेतो. १९७७ च्या संग्रहापासून ह्या वहीपर्यंत सव्वीस वर्षें गेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबरांत, कोलटकर वारले.